घरच्या सरावासाठी छोटा हायब्रीड ट्यूब अॅम्प: सुरुवात स्पीकरपासून, ट्यूब शेवटी

हायब्रीड अॅम्प बघताना नजर आधी जाळीमागच्या ट्यूबच्या (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळीच्या) नारिंगी उजेडाकडे जाते. उत्पादकांनाही ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून काहींनी ट्यूबखाली चक्क एलईडी बसवलेला असतो. पण घरी, हळू आवाजात गिटार कशी वाजेल हे ठरवण्यात ट्यूबचा नंबर बराच खाली लागतो. आधी स्पीकर, मग अगदी कमी आवाजात मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज ठरवणारा नॉब) कसा वागतो ते, मग हेडफोनचं आउटपुट, मग टोनचं सर्किट आणि त्यानंतर ट्यूब. निवडही याच क्रमाने केली तर पैसे योग्य जागी लागतात.

हायब्रीडमध्ये ट्यूब नेमकी कुठे असते

गिटार अॅम्पचे ढोबळ दोन भाग. प्रीअॅम्प गिटारच्या पिकअपचा (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाचा) क्षीण सिग्नल वाढवतो, त्याला टोन आणि गेन (आवाज फाटण्याकडे झुकवणारी वाढ) देतो. पॉवर अॅम्प त्या सिग्नलला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. यातला एक भाग ट्यूबचा आणि दुसरा ट्रान्झिस्टरचा किंवा डिजिटल असला की अॅम्प हायब्रीड. कुठला भाग ट्यूबचा आहे, हे मात्र जाहिरातीत ठळक लिहिलेलं क्वचितच सापडतं. ते आपणच शोधायचं.

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे प्रीअॅम्पमध्ये एक १२एएक्स७ ट्यूब आणि पुढे सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचा, पॉवर अॅम्प. मार्शलची १९९१ मध्ये आलेली व्हॉल्व्हस्टेट मालिका याच घाटाची. आजचे तळहातावर मावणारे हेडही (स्पीकर नसलेले अॅम्प) बहुतेक याच जातीचे: ऑरेंजचे मायक्रो टेरर आणि मायक्रो डार्क, जोयोचे बँटअँप. यांचे पॉवर अॅम्प लहान, थंड आणि हलके असतात. मायक्रो टेररचं वजन एक किलोसुद्धा भरत नाही.

दुसरा प्रकार याच्या बरोबर उलटा. प्रीअॅम्प सॉलिड स्टेट किंवा डिजिटल आणि पॉवर अॅम्प ट्यूबचा. म्युझिक मॅनने १९७४ च्या सुमारास हा मार्ग धरला होता. लहान आकारात फेंडरचा सुपर चॅम्प एक्सडी या प्रकारचा: डिजिटल प्रीअॅम्प, पुढे दोन ६व्ही६ ट्यूब, १५ वॉट, १० इंची स्पीकर. त्याचाच धाकटा भाऊ व्हायब्रो चॅम्प एक्सडी, एक ६व्ही६, ५ वॉट, ८ इंची स्पीकर. यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे वजन वाढतं आणि काही पथ्यं पाळावी लागतात. ती पुढे येतील.

तिसरा प्रकार व्हॉक्सच्या व्हॅल्व्हट्रॉनिक्स मालिकेचा. तिथे डिजिटल मॉडेलिंग प्रीअॅम्पनंतर एक १२एएक्स७ छोट्या पॉवर ट्यूबसारखी वापरतात आणि तिच्या वागण्याची नक्कल पुढचा सॉलिड स्टेट भाग मोठी करतो. याच घराण्यातला एमव्ही५० वेगळ्या वाटेने जातो. त्यात न्यूट्यूब आहे, म्हणजे कॉर्ग आणि नोरिताके यांनी २०१५ मध्ये जाहीर केलेली, फ्लुओरेसंट डिस्प्लेच्या तंत्रावर बनलेली चपटी ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडची ट्यूब).

घरच्या सरावासाठी पहिला प्रकार सर्वांत सोयीचा. कारण साधं आहे. त्यात डिस्टॉर्शन (फाटलेला, खरखरीत स्वर) प्रीअॅम्पमध्येच तयार होतं आणि पॉवर अॅम्प फक्त आवाज वाढवतो. मास्टर अर्ध्यावर आणला तरी स्वराचा पोत बराचसा तसाच राहतो. ट्यूब पॉवर अॅम्पची खरी मजा तो जोरात चालवल्यावर येते, आणि घरात नेमकं तेच जमत नाही.

वॉट किती

लोक सर्वांत जास्त फसतात ते इथे. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ढोबळमानाने दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे १० आणि २० वॉटमधला फरक जेमतेम जाणवण्याइतका असतो.

आता हिशेब करू. गिटारच्या १२ इंची स्पीकरची संवेदनशीलता साधारण ९५ ते १०० डेसिबल असते, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर तेवढा आवाज. ९७ डेसिबलचा स्पीकर धरा. १ वॉटला ९७, २० वॉटला ११०, एक दशांश वॉटला ८७ आणि एक शतांश वॉटला ७७. घरात दुसरी माणसं असताना आपण वाजवतो ते ७० ते ८० डेसिबलच्या पट्ट्यात. थोडक्यात, अॅम्प ५ वॉटचा असो की ५०, सरावाच्या वेळी तो वॉटच्या शंभराव्या हिश्शावर चालतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, ‘फक्त १ वॉटचा, म्हणून घरासाठी’ हा दावा तितकासा खरा नाही. पूर्ण जोरात १ वॉटही शेजारच्या घरात स्पष्ट ऐकू जातो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबलला ८ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ९७ डेसिबलला अर्धाच तास. दोन, जास्त वॉट असणं हा दोष नाही, पण व्हॉल्यूमचा नॉब शून्याजवळ नीट आटोक्यात राहायला हवा. स्वस्त छोट्या हेडमध्ये मास्टर उघडताच आवाज शून्यावरून एकदम वर उडी मारतो आणि केसभर नॉब फिरवत बसावं लागतं. नॉब निदान घड्याळातल्या नवाच्या जागी पोचेपर्यंत आवाज गप्पांच्या पातळीवर राहत असेल, तर तो घरात वापरता येईल.

कमी आवाजात आणखी एक अडचण येते. कान खर्ज आणि खूप वरचे स्वर हळू आवाजात कमी ऐकतो; फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले. म्हणून तीच सेटिंग हळू वाजवली की स्वर पोकळ, मधल्या पट्टीत अडकल्यासारखा वाटतो. इलाज हवा तर बास आणि ट्रेबलचे वेगवेगळे नॉब हवेत. एकच टोन नॉब असलेल्या हेडमध्ये हा इलाज अर्धाच होतो. मायक्रो टेररवर गेन, टोन, व्हॉल्यूम एवढंच आहे. त्याचा मूळ स्वर आवडला तर झकास, नाही आवडला तर पुढे फारसं काही करता येत नाही.

अॅडॅप्टरवरून खरे वॉट

छोट्या हेडचे वॉट खोक्यावर काहीही लिहिलेले असोत, अॅडॅप्टर खोटं बोलत नाही. हे अॅम्प बहुधा क्लास डी (कमी तापणारे) आणि ब्रिज जोडणीचे (स्पीकरची दोन्ही टोकं चालवणारे) असतात. अॅडॅप्टरच्या व्होल्टचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. येणारा आकडा स्वच्छ आवाजाची जवळपास वरची मर्यादा असतो.

८ ओहमच्या स्पीकरवर १८ व्होल्टचा अॅडॅप्टर: ३२४ भागिले १६, म्हणजे सुमारे २० वॉट. १५ व्होल्टला १४, १२ व्होल्टला ९ आणि ९ व्होल्टला ५ वॉट. सर्किटमधला एखादा व्होल्ट वाया जातो, तेव्हा प्रत्यक्षात याहून थोडं कमीच मिळतं. १० टक्के डिस्टॉर्शनला मोजून सांगितलेला आकडा साधारण पाव हिश्श्याने फुगतो. आतमध्ये व्होल्टेज वाढवणारं सर्किट असेल तर हे गणित लागू पडत नाही, पण तरी अॅडॅप्टरचे व्होल्ट गुणिले अँपिअर ही शेवटची भिंत उरतेच. १२ व्होल्ट १ अँपिअरचा अॅडॅप्टर एकूण १२ वॉटच देतो. त्यातून १२एएक्स७ चा हीटर जवळपास २ वॉट खातो; १२.६ व्होल्टला ०.१५ अँपिअर. अशा हेडवर ‘२५ वॉट’ छापलेलं असेल तर बाकीच्या दाव्यांवरही फार विसंबू नका.

अॅडॅप्टर बदलावा लागला तर व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनची ध्रुवता तीच आणि पिनचा व्यासही तोच. पेडलचे अॅडॅप्टर बहुधा मध्यभागी ऋण असतात आणि या हेडचे बरेचदा मध्यभागी धन. पिन बसते म्हणून लावून बघणं हा हेड जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

स्पीकर आणि ओहम

कॉम्बो (अॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) घ्यायचा की हेड आणि वेगळं कॅबिनेट (स्पीकरचं खोकं), हा खरा मोठा निर्णय. छोट्या कॉम्बोत ६.५ किंवा ८ इंची स्पीकर लहान खोक्यात कोंबलेला असतो. त्यातून खर्ज येत नाही, आणि तो भरून काढायला बास वाढवला की खोकंच बोलायला लागतं. तेच छोटं हेड एका १२ इंची स्पीकरच्या कॅबिनेटला लावलं की दुसराच अॅम्प ऐकतोय असं वाटतं. जागा असेल तर आमचा कल स्पष्टपणे हेड आणि एक बाराच्या कॅबिनेटकडे. जागा नसेल तर १० इंची स्पीकरचा, पाठ उघडी असलेला कॉम्बो ही मधली वाट चांगली. ८ इंची कॉम्बो घ्यायचाच असेल तर त्याला बाहेरचा स्पीकर जोडायची सोय आहे का ते आधी बघा.

संवेदनशीलतेकडे इथे उलट्या बाजूने बघा. बँडमध्ये वाजवणारे १०० डेसिबलचा स्पीकर शोधतात. सेलेस्चनचा व्हिंटेज ३० त्याच पातळीचा. घरी ९५-९६ चा स्पीकर जास्त सोयीचा, कारण नॉब थोडा जास्त उघडता येतो. स्पीकरची वॉट क्षमता अॅम्पच्या निदान दीडपट ठेवा.

ओहमचे नियम दोन प्रकारच्या अॅम्पना वेगवेगळे आहेत आणि ते गोंधळले की नुकसान होतं.

सॉलिड स्टेट पॉवर अॅम्पवर ‘किमान ८ ओहम’ लिहिलं असेल तर ८ किंवा १६ चालेल, ४ चालणार नाही. १६ ओहमला शक्ती साधारण निम्मी होते. व्हॉक्स एमव्ही५० याचं नेमकं उदाहरण: ४ ओहमला ५० वॉट, ८ ला २५, १६ ला १२.५. घरी ही तक्रारीची नाही, फायद्याची बाब आहे. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात, हे लक्षात ठेवा. स्पीकर न लावता असा अॅम्प चालू केला तर सहसा काही बिघडत नाही, म्हणूनच तो हेडफोनवर निर्धास्त वापरता येतो.

ट्यूब पॉवर अॅम्पच्या हायब्रीडला मात्र स्पीकर लावल्याशिवाय वाजवायचं नाही. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उंच व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूबचं सॉकेट जळू शकतं. ओहमही सांगितलेलेच लावायचे.

केबल स्पीकरचीच हवी: दोन साध्या तारा, घरच्या अंतरासाठी ०.७५ ते १.५ चौरस मिलिमीटर. गिटारची शील्ड केबल दिसायला तशीच असते, पण आतली तार बारीक असते; तापते आणि कधी शॉर्टही होते. ब्रिज जोडणीच्या अॅम्पमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, एकही टोक जमिनीला जोडलेलं नसतं. म्हणून त्या आउटपुटमधून मिक्सर किंवा रेकॉर्डिंगच्या पेटीकडे थेट तार ओढू नका. त्यासाठी हेडफोन किंवा लाइन आउट आहे.

हेडफोन, ऑक्स आणि लूप

सराव मुख्यतः रात्री होणार असेल तर हा भाग स्पीकरइतकाच महत्त्वाचा. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचं जवळपास काही देत नाही. डिस्टॉर्शनचा कर्कश भाग तोच गाळतो. हेडफोन मात्र सगळं ऐकवतो. त्यामुळे हेडफोन आउटपुटवर कॅबिनेटची नक्कल करणारं फिल्टर नसेल तर गेन वाढवताच कानात माशी भिणभिणल्यासारखं होतं. मायक्रो डार्कमध्ये ही सोय आहे. विचारून घ्या, आणि शक्य असेल तर स्वतःच्या हेडफोनवर ऐकूनच घ्या. हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप बंद होतो का, दोन्ही कानांत आवाज येतो का, हेही पाहा.

ऑक्स इनपुट (तारेने फोन जोडायची जागा) किंवा ब्लूटूथ बॅकिंग ट्रॅकसाठी उपयोगी. ट्रॅक फोनमधून ब्लूटूथने अॅम्पमध्ये आला तर थोडा उशीर चालतो, कारण आपण तो ऐकूनच त्यावर वाजवतो. ब्लूटूथ हेडफोनवर स्वतःची गिटार ऐकणं मात्र जमत नाही. शे-दीडशे मिलिसेकंदांचा उशीर पुरेसा घोळ घालतो. हेडफोन तारेचाच.

इफेक्ट्स लूप (प्रीअॅम्पमधून सिग्नल बाहेर काढणारा सेंड आणि पॉवर अॅम्पमध्ये परत आणणारा रिटर्न हे जॅक) छोट्या हेडमध्ये असेल तर त्याचे तीन उपयोग. डिले आणि रिव्हर्ब तिथे लावले की डिस्टॉर्शनने गढूळ होत नाहीत. सेंडमधून प्रीअॅम्पचा स्वर रेकॉर्डिंगसाठी काढता येतो. आणि तिसरा उपयोग घरच्यांना सर्वांत प्रिय वाटावा असा: सेंड आणि रिटर्नच्या मध्ये साध्या व्हॉल्यूम नॉबची डबी लावली की उडी मारणारा मास्टर अर्ध्यापर्यंत उघडता येतो आणि खरा आवाज डबीवरून बारीक हाताने ठरवता येतो.

आता ट्यूब

१२एएक्स७, युरोपीय नावाने ईसीसी८३, ही एका काचेत दोन ट्रायोड असलेली नऊ पिनांची ट्यूब. प्रत्येक बाजूचा प्रवर्धनांक (सिग्नल जास्तीत जास्त किती पट वाढू शकतो तो आकडा) १००. पारंपरिक अॅम्पमध्ये तिच्या प्लेटवर साधारण १५० ते २५० व्होल्ट असतात. बऱ्याच छोट्या हायब्रीडमध्ये तिला यापेक्षा फार कमी, काही वेळा दोन आकडी व्होल्टेज देतात. अशी उपाशी ठेवलेली ट्यूब चालते, स्वरात थोडी रंगतही आणते, पण गेनचा मोठा वाटा तिच्या आगेमागे असलेले ऑपअॅम्प (सिग्नल वाढवणाऱ्या चिप) किंवा डायोड उचलतात. यात वाईट काही नाही; कान खूश असेल तर सर्किट कसंही असो. फक्त ‘अस्सल ट्यूब’ या शब्दांसाठी जादा पैसे मोजण्याआधी तपशील बघावा.

किती व्होल्टेज आहे हे खोकं न उघडता नक्की कळत नाही, पण अंदाज बांधता येतो. आत मोठा ट्रान्सफॉर्मर आहे आणि तीन पिनांची मेन्सची वायर थेट अॅम्पला येते, तर उच्च व्होल्टेजची शक्यता जास्त. ९ किंवा १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालतो आणि व्होल्टेज वाढवल्याचा कुठे उल्लेख नाही, तर ट्यूब उपाशीच समजा.

चालू ट्यूबचा खरा उजेड काचेच्या आतल्या नळीच्या टोकांशी दिसतो, अगदी मंद. पूर्ण काच खालून नारिंगी झळकत असेल तर तो एलईडी. हीटर तापायला वीस-तीस सेकंद लागतात. चालू करताच त्या क्षणी स्वर आला, तर त्या चॅनलच्या वाटेत ट्यूब आहे की नाही याची शंका घ्यायला जागा आहे. न्यूट्यूब याला अपवाद. तिला हीटर असा वेगळा नाहीच, तिची फिलामेंट ०.७ व्होल्टवर चालते.

ट्यूब बदलून स्वर बदलण्याबद्दल बरंच बोललं जातं. ५७५१ चा प्रवर्धनांक ७०, १२एटी७ चा ६०, १२एयू७ चा २० च्या खाली. गेन खूपच जास्त वाटत असेल तर ५७५१ लावून बघायला हरकत नाही. पण उपाशी सर्किटमध्ये एका कंपनीची १२एएक्स७ काढून दुसरीची लावल्याने फार काही घडत नाही. तेवढ्याच खर्चात स्पीकर बदलायचा विचार आधी करा. न्यूट्यूब बोर्डावर सोल्डर केलेली असते. तिथे हा प्रश्नच उरत नाही, आणि तिचं आयुष्यही उत्पादकाच्या सांगण्यानुसार ३०,००० तास.

ऐकून पारखण्याची पद्धत

स्वतःची गिटार, स्वतःची केबल आणि स्वतःचा हेडफोन न्या. पेडल नेऊ नका. चांगलं पेडल वाईट अॅम्प झाकतं.

१. गिटारची केबल न लावता अॅम्प चालू करा, दोन मिनिटं तापू द्या. गेन आणि मास्टर अर्ध्यावर आणा. थोडी सळसळ चालेल, ठळक गुणगुण चालणार नाही.

२. गिटार लावा. सगळे टोन मध्यावर, गेन कमी, आवाज बोलण्याच्या पातळीवर. इथेच दहा मिनिटं घालवा. दुकानातला माणूस आवाज वाढवायला सांगेल, ऐकू नका. घरी तुम्ही याच पातळीवर वाजवणार आहात.

३. एक स्वर छेडून पूर्ण विरेपर्यंत ऐका. शेवटी तो गुळगुळीत मावळायला हवा. शेपटाशी फरफर येत असेल किंवा स्वर अचानक तुटत असेल तर प्रीअॅम्पचा बायस (ट्यूबच्या कामाचा बिंदू ठरवणारं व्होल्टेज) किंवा आतलं नॉइज गेट (अगदी हळू आवाज कापणारं सर्किट) ठीक नाही.

४. गेन अर्ध्यावर नेऊन सहा तारांची पूर्ण कॉर्ड वाजवा. तारा वेगळ्या ऐकू येतात का? नंतर गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ५ वर आणा. आवाज स्वच्छ व्हायला हवा आणि फार बोथट होता कामा नये. चांगल्या हायब्रीडची ओळख या पायरीवर सर्वांत लवकर पटते. अॅम्पच्या इनपुटचा रोध १ मेगाओहमच्या आसपास असेल तर पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) पिकअपची धार टिकते.

५. प्रत्येक टोन नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. शेवटच्या पाव फेरीतच सगळं घडत असेल तर रोज वैताग येईल.

६. हेडफोनवर क्लीन (स्वच्छ स्वर) आणि क्रंच (हलकं डिस्टॉर्शन) दोन्ही ऐका.

वापरलेला अॅम्प असेल तर आणखी तीन गोष्टी. सगळे नॉब फिरवून खरखर ऐका. ती बहुधा क्लीनरने जाते. ट्यूबवर पेन्सिलीच्या रबराने हलकेच टिचकी मारा; हलकी टकटक चालेल, घंटेसारखा घुमारा आला तर ट्यूब मायक्रोफोनिक (हादरे टिपणारी) आहे आणि बदलावी लागेल. अॅडॅप्टर मूळचा आहे का, ते विचारा.

यातून गेल्यावर कधीकधी असंही लक्षात येतं की आपल्याला हायब्रीड नकोच आहे. सराव नव्वद टक्के हेडफोनवर होणार असेल तर त्याच पैशात डिजिटल मॉडेलिंग अॅम्प जास्त देतो. आणि फक्त जोरात चालवलेल्या पॉवर ट्यूबचा दबलेला स्वर हवा असेल तर अॅटेन्युएटर (शक्ती कमी करायची सोय) असलेला पूर्ण ट्यूब अॅम्प बघा. बुगेराचा व्ही५ हा ५, १ आणि ०.१ वॉटवर चालतो. क्लीन आणि हलक्या क्रंचवर वाजवणारे, पेडल वापरणारे आणि कमी जागेत राहणारे लोक हायब्रीडवर सर्वांत खूश राहतात.

घरी मांडणी

अॅम्प जमिनीवर, कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो आणि खालच्या मजल्यावर तोच पोचतो. भिंतीपासून निदान अर्धा मीटर पुढे, स्टूलवर, खाली जाड फोम किंवा रबर. स्पीकरचा तिखटपणा सरळ रेषेत जातो. अॅम्प पायाशी असला की तो गुडघ्यांना ऐकू येतो, कानाला नाही, आणि आपण ट्रेबल वाढवत बसतो. अॅम्प मागे कलता ठेवा.

सुरुवातीची सेटिंग: क्लीनसाठी गेन घड्याळातल्या नवावर, बास एकावर, मिडल अकरावर, ट्रेबल बारावर. क्रंचसाठी गेन बारा ते एक, बास अकरावर, मिडल एकावर. गेन तीनच्या पुढे नेण्याआधी बास कमी करा, नाहीतर खालच्या तारा चिखल करतात. ड्राइव्ह पेडल इनपुटच्या आधी; त्याचा ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवली की ट्यूबला ढकलता येतं.

नेहमीच्या तक्रारी

आवाज अचानक गेला किंवा कमीजास्त होतोय आणि अॅम्पला लूप आहे: सेंड आणि रिटर्न एका छोट्या केबलने जोडा. आवाज परतला तर रिटर्नच्या जॅकमधला स्विच मळलाय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा आतबाहेर करा. ट्यूब गेली असं समजून लोक नवीन ट्यूब आणतात, पण दोष बरेचदा या जॅकचाच निघतो.

कॉम्प्युटरला जोडल्यावर गुणगुण: ग्राउंड लूप (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह). लॅपटॉप चार्जर काढून बघा. गेली तर लाइन आयसोलेटर लावा. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापणं हा उपाय कधीच करायचा नाही, त्यात जीव जाऊ शकतो. सिंगल कॉइल पिकअपची गुणगुण गिटार फिरवल्यावर कमी होते, तिचा अॅम्पशी संबंध नाही. दिव्याचा डिमर बंद करून बघा.

जोरात कॉर्ड मारली की अॅम्प क्षणभर बंद होऊन परत चालू होतो: अॅडॅप्टर कमी पडतोय किंवा स्पीकरचे ओहम कमी आहेत.

तापल्यावर चिटपिट आवाज: आधी ट्यूब सॉकेटच्या पिना. अॅम्प बंद करा, प्लग काढा, दहा मिनिटं थंड होऊ द्या. ट्यूब सरळ वर, अगदी किंचित हलवत काढा. तिरकी ओढली तर तळाची काच तडकते. वाकलेली पिन हलक्या हाताने सरळ करा, नऊ पिनांमधली मोकळी जागा सॉकेटशी जुळवा आणि सरळ दाबा. दोन-तीन वेळा काढून बसवल्यावरच पिना घासल्या जातात आणि आवाज बऱ्याचदा थांबतो. ट्यूब बाहेरून हाताला लागत नसेल आणि खोकं उघडावं लागणार असेल, तर मेन्सवर चालणाऱ्या हायब्रीडमध्ये हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.